रिलिजनचे मूळ मिळणेबाबत

माझ्या घरी शौचालय आहे. एक नाही, दोन आहेत, त्यातलं एक खास पाहुण्यांसाठी, निळ्या फरशीचं. हे वाक्य कागदावर लिहून त्याखाली सही करण्याची पाळी एकतीस वर्षं कॉलेजात हेडक्लार्की केलेल्या माणसावर यावी, आणि तीही परमार्थाचं काम करता करता यावी, याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आमचं गाव दारव्ह्याहून जीपने पाऊण तासावर. जीप भरेपर्यंत जो दीड तास जातो तो यात धरलेला नाही. दरवर्षी सोयाबीन निघालं की गावात सप्ताह बसतो आणि त्या सात दिवसांत मी घरी फक्त अंघोळीला येतो, असं आमच्या सौ. मैनाबाईंचं म्हणणं आहे. ते खोटं आहे. जेवायलाही येतो. पण कीर्तन म्हटलं की माझा इलाज चालत नाही. मृदंगावर पहिली थाप पडली की माझे गुडघे दुखायचे थांबतात. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग मृदंगवाल्यालाच फी द्या.

सप्ताहाचं शेवटचं काल्याचं कीर्तन गेली बावीस वर्षं उत्तमसिंग महाराजांचं असतं. महाराज महागावकडच्या एका तांड्यावरचे. मी त्यांच्या मागे टाळ घेऊन उभा राहतो. यंदा ते सोमवारीच आले आणि आमच्या ओट्यावर बसून चहाची बशी तशीच हातात धरून म्हणाले, "भगवानराव, एक काम होतं. कागदाचं हाय, तुमच्याच हातचं."

कागदाचं काम म्हटल्यावर मी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"माही नात राखी आली हाय. नर्सिंग झालं तिचं. रविवारी दुपारी हैदराबादले चालली, दवाखान्यात नोकरी लागली. मी म्हटलं, माय, सकाळी काल्याच्या कीर्तनाले बस, मंग जाय. तर म्हणते, दादा, ते रिलिजनचं हाय, मले त्यातलं काही समजत नाही. मी मांडवात बसून मोबाइल पाहत राहीन, तुमालेच वाईट वाटन." (त्यांच्या तांड्यात आजोबाला दादाच म्हणतात.)

"आजकालची पोरं..." असं मी सुरू केलं.

"तसं नका म्हणू. पोट्टी चांगली हाय. हजारो लोक माहं कीर्तन ऐकून गेले, घरची एक ऐकत नाही, एवढंच." महाराजांनी बशी खाली ठेवली. "ते रिलिजन रिलिजन करते ना, तो शब्द मुळात आला कुठून, तेवढं पाहून द्या मले. मी कीर्तन तिथूनच धरतो. तिच्याच शब्दाच्या दारातून आत शिरतो."

"इंग्रजी शब्दांचं मूळ लॅटिनमध्ये असते, महाराज," मी म्हणालो. मला लॅटिनबद्दल एवढंच माहीत होतं, पण ज्या आवाजात बोललो त्यावरून कोणालाही वाटलं असतं की बाकीचं मी राखून ठेवलं आहे. "मोबाइलवर आत्ता पाहून देतो."

"मोबाइलवरचं नको. ते तिच्याकडं माह्यापेक्षा जास्त हाय. ती पोट्टी दर गोष्टीले विचारते, दादा, सोर्स काय? मले सही-शिक्क्याचं पाहिजे."

सही-शिक्का! निवृत्तीनंतर चार वर्षं या शब्दांसाठी माझे कान आसुसले होते. "शनिवारपर्यंत हातात देतो," मी म्हणालो.

तरी महाराज गेल्यावर मी चोरून मोबाइलला विचारलंच. त्यात तोंडाने विचारता येतं. मी माइकचं चित्र दाबून खणखणीत आवाजात म्हणालो, "रिलिजनचं लॅटिन मूळ." मोबाइलने मला दारव्ह्यातल्या तीन सॅनिटरीच्या दुकानांचे पत्ते दिले. हा इशारा होता. शहाण्या माणसाने तिथेच थांबून महाराजांचे पाय धरले असते. मी मोबाइलला मूर्ख म्हणालो आणि टोपी घालून बाहेर पडलो.

आमच्या ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत वाचनालय आहे. म्हणजे एक कपाट आहे. त्यात एका वकिलाने देणगी दिलेला इंग्रजी शब्दकोश आहे, दोन्ही हातांनी उचलावा लागतो असा. पण कपाटाला कुलूप, आणि किल्ली ग्रामसेवकांकडे.

"अर्ज द्या," ग्रामसेवक म्हणाले.

"एक शब्द पाहायचा आहे फक्त."

"एका शब्दाचाच अर्ज द्या. पण ऑनलाइन द्या, हातचा आता चढत नाही."

मला राग आला नाही. खरं सांगतो, बरंच वाटलं. अर्ज, आवक क्रमांक, मग उत्तर, अशा वाटेने आलेल्या गोष्टीवर माझा जसा भरवसा बसतो तसा फुकट मिळालेल्या गोष्टीवर बसत नाही.

गावातलं ऑनलाइन म्हणजे खेमसिंग. त्याचं दुकान पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी चालू असली की तिथे माणसाला आपलंच नाव ऐकू येत नाही, आणि त्या दिवशी ज्वारी चालली होती.

"विषय काय लिहू, काका?" खेमसिंग ओरडला.

"रिलिजनचे लॅटिन मूळ मिळणेबाबत!" मी ओरडलो.

"इथं विषय लिहाले जागा नाही! यादीतूनच निवडा लागते! जन्म, मृत्यू, नळ, दिवाबत्ती..." तो बोट खाली सरकवत होता. "हाव, हाय हाय! सापडलं! तुमचाच विषय हाय यादीत, लॅट्रिन!"

"हाव, लॅटिन!" मी ओरडलो, आणि सरकारी यादीत लॅटिनची सोय केलेली पाहून या देशाबद्दल मला क्षणभर भरून आलं. खेमसिंगने कागद काढून पुढे केला. मी सही ठोकली. वाचला नाही. एकतीस वर्षं प्राचार्यांनी माझे कागद न वाचता सही केली. आता माझी पाळी आहे, असं कुठेतरी मनात होतंच.

मंगळवार मी आवक क्रमांक खिशात घेऊन काढला. दिवसातून नऊ वेळा पंचायतीवरून गेलो. ग्रामसेवक स्क्रीनवरचा अर्ज वाचून म्हणाले, "काका, तुमचं लवकर होईन, तुमची तर निकड हाय." हा माणूस आतून भाविक दिसतो, असं मला वाटलं.

बुधवारी सकाळी शेजारच्या बिजलीबाई आल्या. हातात वाटीभर तूरडाळ, चेहरा सुतकाचा. मैनाबाईंना कोपऱ्यात घेऊन त्या हळू बोलल्या, म्हणजे मला ओसरीवर ऐकू येईल एवढ्या हळू.

"वहिनी, इतके वर्षं शेजारी राह्यलो, कधी बोलल्या नाही वं तुमी! आजपासून आमच्याकडंच येत जा. लाजायचं नाही. दाराले कडी बी नवीन लावली."

"कायची कडी?" मैनाबाई म्हणाल्या.

मग उलगडा झाला. गावाच्या मोबाइल ग्रुपवर पंचायतीने यादी टाकली होती, 'शौचालय नसलेली कुटुंबे'. तीन नावं. पहिलं माझं, भगवानराव, निवृत्त हेडक्लार्क. हुद्दा कोणी टाकला ते मी अजून शोधतो आहे.

मैनाबाई माझ्याकडे वळल्या. बिजलीबाई गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "त्या निळ्या फरशीसाठी मी यवतमाळले तीन चकरा मारल्यात." त्यानंतर गुरुवार संध्याकाळपर्यंत काही म्हणाल्या नाहीत.

दुपारी बिजलीबाईंचे यजमान अमरसिंग आले. भला माणूस. सल्ला दिल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही.

"भगवानराव, एक सांगतो. दोन खड्ड्याचंच घ्या. एक भरला की दुसरा."

"अमरसिंगभौ, अहो, मी शब्द शोधून राह्यलो!"

"शोधा ना. निवांत शोधा. पण दोन खड्डे."

"मी लॅटिन म्हणालो होतो!"

"मंग आमी काय म्हणून राह्यलो?" अमरसिंग दुखावले. "लपवाचं काहून? सगळ्याईलेच लागते."

गुरुवारी मी टिळा लावून, टोपी घालून, गळ्यात टाळ अडकवून दुपारच्या भजनाला निघालो, तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. तालुक्याहून एक मॅडम आल्या होत्या. एरवी नळाच्या तक्रारीला तीन महिने लावणारं ऑफिस तिसऱ्या दिवशी दारात.

"लाभार्थी कोण?"

आयुष्यात मला कोणी लाभार्थी म्हटलं नव्हतं. "मी... पण नाही," मी म्हणालो.

"बांधकामाच्या जागेवर उभे राहा. फोटो काढायचा आहे."

मी त्यांना आत नेलं. पहिलं दाखवलं. दुसरं दाखवलं. निळी फरशी पाहून मॅडम थबकल्या. "दोन असून अर्ज केलात?"

"मॅडम, माझा अर्ज शब्दासाठी आहे."

"फोटो तरी काढावाच लागेल. नाहीतर अ‍ॅप बंदच होत नाही."

तेव्हा आमच्या दारातून, खिडकीतून आणि अमरसिंगांच्या गच्चीवरून निदान तीसजण पाहत असताना मी टिळा, टोपी आणि टाळ यांसह माझ्याच शौचालयापुढे उभा राहिलो. मॅडम म्हणाल्या, दार उघडं ठेवा. गच्चीवरून कोणीतरी म्हणालं, टाळ वाजवा. तो फोटो आता सरकारदरबारी अक्षांश-रेखांशासह जमा आहे, आणि गच्चीवरून कोणी काढलेला तसाच दुसरा गावाच्या ग्रुपवर.

त्यानंतर मी ओसरीवर बसून खुलासा लिहिला. या लेखाचं पहिलं वाक्य त्यातलंच आहे. खुलाशात महाराज, राखी, रिलिजन, लॅटिन, ज्वारी, सगळं ओळीने लिहिलं. मॅडमनी तो उभ्याने वाचला. मग बसून वाचला. मग पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, की मैनाबाई बोलत नसूनही पाणी घेऊन आल्या.

"सर, तुमचं काम खरं आहे," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "चला, मी कपाट उघडून देते."

आणि दिलंही. ग्रामसेवकांनी मुकाट्याने किल्ली दिली. मी दोन्ही हातांनी शब्दकोश काढला, माथ्याला लावला, उघडला. पी संपेपर्यंत पानं ठीक होती. क्यू विरळ. आर नव्हता. आर जिथे असायला हवा तिथे वाळवीने एक सुबक बोगदा केला होता, तो थेट टीमध्ये निघत होता.

मी खालीच बसलो. दोन दिवस राहिले होते आणि मी महाराजांना शब्द दिला होता. गावाने काय म्हणायचं ते म्हणून झालं होतं, त्याचं आता फारसं काही वाटत नव्हतं. पण रविवारी ती पोरगी मांडवात मोबाइल पाहत बसणार आणि महाराज एकदाच तिच्याकडे पाहून नजर वळवणार, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसायला लागलं.

"यवतमाळच्या आमच्या शाळेत एक फादर होते," मॅडम म्हणाल्या. "म्हातारे झालेत आता. त्यांना लॅटिन येत असेल. पाहता का?"

शुक्रवारी मॅडमनी फोन करून फादरची वेळ ठरवली. शनिवारी पहाटे दारव्ह्याला, तिथून एसटीने यवतमाळ. गाडीत मी चारदा उठून पुन्हा बसलो. शेजारचा म्हणाला, खिडकी पाहिजे तर घ्या, पण एका जागी राहा.

फादर चर्चच्या मागे वांग्यांना पाणी घालत होते. मी धसका घेऊनच बोललो, एकेक अक्षर सुटं करून, "लॅ... टि... न."

त्यांनी झारी खाली ठेवली. "लॅटिन? कोणाला पाहिजे?"

"आमच्या महाराजांना. कीर्तनासाठी."

फादर माझ्याकडे बघतच राहिले. "मी अकरा वर्षं शिकलो," ते म्हणाले. "इकडे येऊन अडतीस वर्षं झाली. लोकांनी शाळेची ॲडमिशन विचारली, दवाखान्यासाठी चिठ्ठी मागितली. लॅटिन विचारणारे तुम्ही पहिले. बसा. चहा घ्या. नाही, आधी बसा."

मग त्यांनी सांगितलं, आणि इतक्या आनंदाने, की मला कीर्तनाच्या उत्तररंगात बसल्यासारखं वाटलं. रे म्हणजे पुन्हा. लिगारे म्हणजे बांधणं. रेलिगारे, पुन्हा बांधणं. त्यातून रिलिजन.

"वा!" मी म्हणालो. "द्या लिहून."

"पण थांबा. दुसरंही मत आहे. लेगेरे म्हणजे वाचणं, वेचणं. रेलेगेरे म्हणजे पुन्हा एकदा नीट पाहून घेणं, मन लावून उजळणी करणं. काही जुने पंडित म्हणतात, शब्द यातून आला."

माझा चहा गार झाला. "फादर, यातलं खरं कोणतं?"

"ते ठरलेलं नाही."

"मग तुम्ही ठरवा ना. एकावर टिक करा."

"दोन हजार वर्षांचं भांडण आहे, भगवानराव," फादर हसले. "मी वांगी लावतो."

त्यांनी दोन्ही मतं कागदावर वर-खाली लिहिली, खाली सही केली आणि आतून शिक्का आणून तो दोनदा फुंकर मारून उठवला. इतका सुंदर शिक्का मी माझ्या नोकरीतही पाहिला नाही. आणि त्याच्या वर दोन उत्तरं! ज्या कागदावर दोन उत्तरं असतात त्याला ऑफिसात अनिर्णित म्हणतात आणि तो फायलीच्या तळाशी जातो. परतीच्या वाटेवर दारव्ह्यात जीप भरेपर्यंत मी तो कागद सतरा वेळा उघडला. अठराव्या वेळी मी एक वाईट काम केलं. कागद असा दुमडला, की वरचं मत आणि खालची सही दिसेल, आणि मधलं दुसरं मत घडीत जाईल. हेडक्लार्कचा हात आहे, कोणाला कळलं नसतं.

गावी पोचेपर्यंत रात्र झाली, महाराज झोपले होते. रविवारी दहाला कीर्तन उभं राहिलं. मांडव भरलेला. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून राखी. पायाशी प्रवासाची बॅग, हातात मोबाइल. महाराजांनी नमन केलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, तिने वर पाहिलं नाही. महाराज मागे वळले.

"भगवानराव, आणला का शब्द?"

चारशे लोक माझ्याकडे पाहू लागले. त्यातल्या साडेतीनशेंनी तो फोटो पाहिला होता. "लॅटिनचा हाय का?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि मांडव हसला. मी कागद काढला, घडीचा, आणि वाचायला तोंड उघडलं. समोर महाराज इतक्या भरवशाने उभे होते की मला पुढे वाचवेना. मी घडी उलगडली.

"महाराज, दोन हायेत," मी म्हणालो. माझी प्रमाणभाषा अशा वेळी सुटते. "एक म्हणते, पुन्हा बांधणं. दुसरं म्हणते, पुन्हा नीट पाहून घेणं. खरं कोणतं ते कोणालेच माहीत नाही. मलेही नाही. शिक्का हाय, पण दोन्हीवर हाय."

वीणा धरलेला माणूस वीणा छेडायचा विसरला. मला वाटलं, गेलं. बावीस वर्षांचं कीर्तन मी मोडलं.

मग महाराजांनी उपरणं कमरेला गुंडाळलं.

"मंडळी, माह्या आज्याच्या आज्याची लदेणी होती. बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख फिरणं, हाच आमचा धंदा. सकाळी गोणी बांधली, बैल चालला. बैल चालला की दोर ढिला होते. होतेच! बांधणाराची चूक नाही, बैलाची बी नाही, चालणंच तसं हाय. मंग आजा काय करे? ढिला झाला म्हणून गोणी फेकून दे? नाही. थांबे. हात फिरवे. एकेक गाठ पुन्हा पाहे. आणि पुन्हा आवळे. आता मले सांगा, गाठ पाहणं वेगळं आणि गाठ बांधणं वेगळं, असं त्या बैलाले वाटत असन काय? पंडित दोन हजार वर्षं भांडले, कारण त्याईनं बैल लादला नाही!"

मृदंग असा कडाडला, की मी टाळ कधी धरला मला कळलं नाही. मांडव डोलायला लागला. महाराज पुढे सरकले, "तसं आपलं मन, मंडळी, चाललं की ढिलं होते. त्याले थांबून पाहावं, आणि आवळावं..."

"आणि आवळल्यावर बैलाले लागते त्याचं काय?"

आवाज बायकांच्या बाजूने आला. राखी उभी होती. कीर्तनात मधेच कोणी प्रश्न विचारत नाही. मी तरी कधी ऐकला नव्हता. टाळ थांबले. बिजलीबाईंनी तिच्या ओढणीचं टोक धरून तिला खाली ओढलं, ती बसली नाही.

"रोज त्याच जागी दोर आवळला की जखम होते, दादा. मी पाहते ना वॉर्डात. पट्टा घट्ट बांधला की कातडी जाते. मंग बैलानं काय कराचं? चालतच राहाचं?"

मी महाराजांच्या पाठीकडे पाहत होतो. त्यांचे खांदे हलले. ते रडताहेत असं वाटून मी पुढे झालो, तर ते हसत होते.

"मंडळी," ते म्हणाले, आवाज भरलेला, "पोट्टी ऐकून राह्यली!"

मग ते तिच्याकडे वळले. चारशे लोकांचं कीर्तन त्यांनी बाजूला ठेवलं आणि घरच्या ओट्यावर बोलावं तसं बोलले.

"लागते, माय. आज्यालेही माहीत होतं ते. म्हणून दोर आवळण्याआधी खाली कापडाची घडी ठेवत. बाया ठेवत ते. मी चाळीस वर्षं दोराचंच कीर्तन केलं, कापडाचं राहूनच गेलं. ते मले कोणी विचारलंच नाही."

राखीने मोबाइल पर्समध्ये टाकला, पायाने बॅग खांबामागे सारली आणि मांडी घालून खाली बसली.

"मंग?" ती म्हणाली. "पुढं बोला, दादा."